रिव्हॉल्वर घेतलं आणि माणसं आली

रिव्हॉल्वर घ्यायची मला काडीचीही गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर लोकांनी काय तर्क लढवायचे ते लढवले. पण खरी गोष्ट एवढीच, की तो शनिवार होता आणि शनिवार माझ्याच्याने सरत नाही. आर्डिस होती तेव्हा दर शनिवारी ती घर झाडायला काढायची आणि मला बाहेर हाकलायची. आता हाकलणारी बायको नाही, म्हणून मी आपला खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाशी भांडतो. त्या शनिवारी घड्याळ जिंकलं. मी गाडी काढली आणि जत्रेच्या मैदानावर बंदुकांचा बाजार भरला होता तिकडे निघालो.

आमच्या नॉर्थ डकोटात सूर्यफुलाची कापणी उरकली की हा बाजार भरतो, गुरांच्या प्रदर्शनाच्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. शेणाचा वास कायमचा. लांबच लांब टेबलं, टेबलांवर जुनी ब्लँकेटं, ब्लँकेटांवर बंदुका. आलेल्यांतली निम्मी माणसं घ्यायला आलेली नसतातच. हातात कॉफीचा कागदी पेला धरून एकेका टेबलापाशी थांबायचं, हे काय ते काय विचारायचं आणि पुढे सरकायचं. मीही त्यातलाच.

शेवटच्या रांगेत एका टोपीवाल्याच्या टेबलावर गंजक्या सुऱ्यांच्या खोक्यात ते पडलं होतं. नऊ गोळ्यांचं, बावीसच्या बारक्या काडतुसाचं, जुन्या घडणीचं रिव्हॉल्वर. वरची कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि गोळ्यांचं चक्र उघडं पडतं, तसलं. अंगावरचं निकेल सोलून गेलेलं, मुठीची एक बाजू काळी आणि दुसरी तपकिरी, म्हणजे कुणीतरी कधीतरी दुसऱ्याचीच लावलेली.

‘बघू का?’ मी विचारलं. दुसऱ्याच्या बंदुकीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पोरांना दात यायच्या आधी शिकवतात.

‘बघा की. पण जपून हं आजोबा, ते तुमच्याच वयाचं आहे.’

‘मग माझ्यापेक्षा जास्त दात असतील त्याला.’

‘दातांचं सोडा, कंबर हलतेय त्याची.’

खरंच हलत होती. घोडा पार मागे ओढला तरी चक्र जागेवर बसेना, नुसतं खुळखुळत होतं. बावीसचं हत्यार रिकामं असताना चाप ओढत नाहीत, आतली, काडतुसावर आपटणारी टोची मोडते. म्हणून मी अंगठ्याने घोडा धरून अलगद खाली सोडला. टोपीवाला बघत होता.

‘वा,’ तो म्हणाला. ‘सकाळपासून वीस जणांनी खटाखट चाप ओढलाय याचा. तुम्हाला कळतं, आजोबा.’

खोटं कशाला सांगू, तिथेच मी विकला गेलो. मला काही कळतं, असं आर्डिस गेल्यापासून दोन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

त्याने दीडशे डॉलर सांगितले. मी म्हटलं, एवढ्यात तर मला चालतं रिव्हॉल्वर मिळेल. तो हसला. म्हणाला, शंभर द्या आणि वर कॉफी माझ्याकडून. मग मी त्याच्या टेबलामागे घडीच्या खुर्चीवर बसून कॉफी प्यायलो. त्याच्या मेहुण्याचं घटस्फोटाचं प्रकरण, त्याची गुडघेदुखी, सगळं ऐकलं. कॉफीसाठी रिव्हॉल्वर घेतलं म्हणा हवं तर.

परतताना काडतुसं घ्यायला लवॉनच्या दुकानात थांबलो. खिळे, पाखरांचं खाद्य, बर्फ ओढायची फावडी आणि काडतुसं, सगळं तिच्याकडेच मिळतं. लवॉन शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि माझ्या गुणपत्रिकेवर तिची अजून मतं आहेत.

‘बावीसची पन्नासाची पेटी आहे,’ ती म्हणाली. ‘किती देऊ?’

‘पन्नास? अगं, माझं वय बघ. मला एकच पुरे.’

यात विनोद असा, की मी नेमबाज माणूस, दुसरी गोळी कशाला लागते! आणि वर आपल्याच म्हातारपणाला एक चिमटा. आमची माणसं असंच बोलतात. गोठा जळून खाक झाला तरी शेजाऱ्याला म्हणतील, ‘चला, आता झाडायला नको.’ सरळ बोलणं म्हणजे आमच्याकडे चारचौघांत शर्ट काढण्यासारखं.

लवॉन हसली नाही. तिने पेटी पिशवीत घातली आणि पिशवी काही सोडेना.

‘बरा आहेस ना, ऑर्लन?’

‘याहून वाईट असू शकलं असतं,’ मी म्हटलं. हेही आम्ही सगळेच म्हणतो.

दुपारी मी घराच्या मागे गेलो. वाऱ्याला आडोसा म्हणून वडिलांनी लावलेली झाडांची रांग आहे, तिच्यापलीकडे गुरांच्या पाण्याचं तळं आणि तळ्याचा मातीचा उंच बांध. गुरं आता नाहीत, बांध आहे. बांधापुढे खांबावर कॉफीचा रिकामा डबा ठेवला. आठ गोळ्या भरल्या आणि घोड्याखालचं घर रिकामं सोडलं, कारण जुन्या हत्याराचा भरवसा नसतो. पाय रोवून उभा राहिलो आणि चाप ओढला.

खट्. गोळी उडालीच नाही.

पुन्हा ओढला. ठो! माझ्या मनगटावर गरम काहीतरी चावलं. चक्र नळीच्या बरोबर समोर येत नव्हतं, त्यामुळे गोळीचं शिसं कडेने खरवडून बाहेर उडत होतं. डबा जागच्या जागी. तळ्यात मात्र डावीकडे लांब कुठेतरी पाणी उडालं. तिसरी गोळी बांधात. चौथी कुठे गेली ते देवाला ठाऊक. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणही वाकडं होतं आणि नाचणाराही.

मला इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता मी मागे वळलो. ‘बघितलंस का गं?’ हे शब्द तोंडात तयार होते. मागे झाडं होती आणि झाडांमागे घराची मागची खिडकी, जिच्यात दोन वर्षांत कुणी उभं राहिलं नव्हतं. हसू आलं तर ते कुणाला दाखवायचं, हा प्रश्न रडण्यापेक्षा वाईट असतो. रडणं तरी माणूस एकटा उरकतो. उरलेल्या गोळ्या काढून पेटीत टाकल्या आणि घरात आलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाद्रीणबाई आल्या. पोरसवदा आहेत, मिनेसोटाच्या. आर्डिसच्या अंत्यविधीनंतर एकदा आल्या होत्या, त्यानंतर आत्ता. पाऊण तास बसल्या. हवेबद्दल बोलल्या, सूर्यफुलाच्या भावाबद्दल बोलल्या, त्यांना सूर्यफुलातलं ओ का ठो कळत नाही तरी. निघताना माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, ‘ऑर्लन, तुम्ही आम्हाला हवे आहात.’ मी म्हटलं, ‘कशाला? छताचं काम काढलंय का?’

मग वेंडेल आला. वेंडेल म्हणजे पश्चिमेकडचा शेजारी, बोलला तर बोलला, नाहीतर नुसता हात वर करून गाडीतून पुढे जाणारा.

‘तुझी हरणांची बंदूक देतोस का, थोडे दिवस?’

‘तुझ्याकडे तीन आहेत की रे.’

‘हो, पण तुझी बरी आहे.’ मग टोपी फिरवत म्हणाला, ‘आणि तित्तिरांची दुनळीही दे. दोन्ही दे. म्हणजे, असू दे.’

दोन्ही घेऊन गेला. दारात थांबून पुन्हा विचारलं, ‘आणखी काही आहे का? घरात?’ मला वाटलं, याची शेती बुडाली आणि आता शेजाऱ्यांच्या बंदुका विकून खातोय.

आणि लवॉन आली, खिमा-बटाट्याचं हॉटडिश घेऊन. हे काचेचं भांडं ज्या घरात जातं तिथे काहीतरी वाईट घडलेलं असतं, अशी आमच्याकडची रीत आहे. आर्डिस गेली तेव्हा तीन आठवडे अशी भांडी येत होती. तळाला चिकटपट्टीवर बाईचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत जावं. ती सगळी धुऊन परत केली आणि त्यानंतर माझ्या दाराची कडी वाजायची थांबली.

‘कोण मेलं?’ मी विचारलं.

‘कुणी नाही. जास्त झालं होतं म्हणून आणलं,’ लवॉन म्हणाली आणि ताटं शोधायच्या निमित्ताने माझं एकेक कपाट उघडून बघायला लागली. झाडूचंसुद्धा.

‘ताटं झाडूपाशी ठेवतो का मी?’

‘ते रिव्हॉल्वर कुठंय तुझं?’

तिचा आवाज बदलला होता. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाद्रीणबाई, वेंडेल, हॉटडिश, ‘मला एकच पुरे.’ आमच्याकडे कुणी मनाने खचलेला दिसला, की शेजारी त्याच्या बंदुका काढून नेतात. कुणी काही बोलत नाही, विचारत नाही. उसनी हवी म्हणून नेतात आणि माणूस सावरला, की आणून ठेवतात. वेंडेलच्या चुलत्याच्या मी स्वतः नेल्या होत्या.

संतापाने माझे कान तापले. अरे, मी काय उद्या मरायला निघालोय? गावात चहाटळपणाला दुसरा विषय मिळेना? हे सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लवॉनने टेबलावर दोन ताटं मांडली. एक माझं, एक तिचं. दोन काटे, दोन सुऱ्या. माझ्या टेबलावर दोन ताटं.

‘ड्रॉवरमध्ये आहे,’ मी म्हटलं. ‘बस, गार होतंय.’

आणि गप्प राहिलो. का, तेही सांगतो. मला बरं वाटलं. म्हातारा माणूस किती लाचार असतो म्हणता! भाकरीला नाही, दोन शब्दांना. लवॉनने रिव्हॉल्वर मागितलं, मी म्हटलं, ते काल घेतलंय, अजून हौस फिटली नाही. मग तिने काडतुसांची पेटीच उचलून पर्समध्ये टाकली. म्हणाली, ‘हवी तेव्हा दुकानात येऊन मोजून घेऊन जा. आणि उडवायला एकटा जायचं नाही. ही माझी अट.’ माझ्या जिवाचा व्यवहार माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्यासमोर झाला आणि मी दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले.

मग डेल्मर यायला लागला.

डेल्मरचं घर दोन मैलांवर. आमच्या भागातला शेवटचा दुभत्या गाईंचा गोठा त्याचा. चाळीस वर्षं पहाटे चारला आणि संध्याकाळी चारला त्याने धारा काढल्या. लग्नकार्य असो, अंत्यविधी असो, साडेतीन वाजले, की डेल्मर उठून चालायला लागायचा. बायको त्यापायीच सोडून गेली, असं लोक म्हणत. या वसंतात त्याने सगळ्या गाई विकल्या. लिलावाला मी गेलो नव्हतो, कंबर धरली होती. नंतर जाऊ, भेटू, असं म्हणत राहिलो आणि उन्हाळा गेला.

तर तो एका सकाळी दारात उभा. हातात भांडं नाही, तोंडात सबब नाही.

‘ऐकलं, रिव्हॉल्वर घेतलंस.’

‘घेतलं.’

‘दाखव.’

त्याने येता येता लवॉनकडून गोळ्या आणल्या होत्या. आम्ही बांधावर गेलो. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, ‘नेम डावीकडे जातो?’

‘डावीकडे, वर आणि कधीकधी मागे.’

‘मग मी कुठे उभा राहू?’

‘घरी.’

डेल्मर हसला. गाईंच्या अंगाला टेकून टेकून त्याचा डावा खांदा कायमचा खाली गेलाय, त्यामुळे तो हसला, की एकाच बाजूने हसल्यासारखा दिसतो. त्याने रिव्हॉल्वर धरलं, डब्याच्या उजवीकडे हातभर अंतरावर नेम धरला आणि डबा पाडला. मी थक्क!

‘मेल्या, हे कसं केलंस?’

‘लाथाडणाऱ्या गाईकडे सरळ जात नाहीत, बाजूने जातात,’ तो म्हणाला.

पुढच्या गोळीचं खरवडलेलं शिसं माझ्या गालाला चाटून गेलं. त्याच्या बाजूला उभं राहण्याचा मूर्खपणा माझाच. गालावर रक्ताचा बारीक ठिपका आला. डेल्मरचा चेहरा पांढराफटक पडला. रिव्हॉल्वर खाली ठेवून त्याने आपल्या हातरुमालाने माझा गाल पुसला. पुसून झाल्यावरही पुसत होता. ‘अरे, खरचटलंय नुसतं,’ मी म्हटलं. ‘दाढी करताना याहून जास्त कापतो मी.’ तरी त्याचे हात थरथरत होते. मला वाटलं, बघ, तुझ्या जिवाची किती काळजी आहे या माणसाला. आणि मला, देवा, फार बरं वाटलं.

त्यानंतर डेल्मर रोज येऊ लागला. उजाडायच्या आत. मी दात लावायच्या आधी तो स्वयंपाकघरात कॉफी ठेवत असे. येताना गोळ्या आणायचा, आम्ही उडवायचो, उरलेल्या घेऊन जायचा. मग पत्ते. मग दुपारचं जेवण. मग तो खुर्चीत तसाच बसून राहायचा, बोलायचं संपलं तरी. घरी जा म्हणायची माझी इच्छा नव्हती आणि त्याची जायची नव्हती. कधीकधी मी मुद्दाम जरा खिन्न चेहरा करून बसायचो, म्हणजे तो आणखी तासभर थांबेल. लाज वाटायला हवी होती. वाटलीसुद्धा, पण तो गेल्यावर.

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. रात्रभर वारा. सकाळी खिडकीतून पलीकडचं कोठार दिसेना. आज डेल्मर येणार नाही, असं म्हणून मी एकाच कपाची कॉफी ठेवली. दिवस वर आला आणि पांढऱ्यातून एक काळा ठिपका चालत येताना दिसला. एक खांदा खाली.

मी दार उघडलं. तो कमरेपर्यंत भिजलेला, भुवयांवर बर्फ, ओठ निळे.

‘गाडी कुठंय?’

‘वळणावर खड्ड्यात गेली.’

‘आणि तू चालत आलास? मैलभर? या बर्फात? डोकं फिरलंय का तुझं, गाढवा? मरायचंय का?’

 मी त्याचे बूट ओढून काढले. पायांची बोटं मेणासारखी झाली होती. शेगडीपाशी बसवून त्याचे पाय मी मांडीवर घेतले आणि चोळायला लागलो.  हा माणूस माझ्यासाठी बर्फातून आला. माझ्या एका थट्टेपायी आणि त्यानंतरच्या माझ्या गप्प बसण्यापायी याची बोटं गेली असती, कदाचित जीवही. आता खरं सांगायलाच हवं होतं. सांगितलं, की उद्यापासून तो येणार नाही, हेही मला दिसत होतं. कशाला येईल? धडधाकट माणसाकडे रोज पहाटे कोण येतं? तोच तर माझा अनुभव होता.

‘डेल्मर,’ मी म्हटलं, ‘मी स्वतःला मारणार नव्हतो.’

पाय चोळत चोळतच मी पुढे बोललो.

‘लवॉनपाशी थट्टा केली होती. तिने खरी धरली. मग तुम्ही सगळे यायला लागलात आणि मला ते आवडलं, म्हणून मी तोंड मिटून बसलो. बास. एवढंच आहे. दे शिव्या.’

त्याने शिव्या दिल्या नाहीत. माझ्या मांडीवरून पाय काढून घेतले, सावकाश.

‘म्हणजे तुझ्या मनात कधीच नव्हतं?’

‘नव्हतं रे.’

‘एकदाही?’

‘कंटाळा होता. ते नव्हतं.’

‘बरं,’ डेल्मर म्हणाला. ‘चांगलं झालं.’ पुन्हा म्हणाला, ‘चांगलं झालं.’ आणि ओले बूट ओढून घेऊन त्यात पाय घालायला लागला. चेहरा असा, की घरातलं शेवटचं काम उरकलंय आणि आता दिवा मालवायचाय.

मी त्या चेहऱ्याकडे बघितलं. या महिन्याभरात मी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं असं म्हणा. तोवर मी फक्त तो मला किती बघतोय ते बघत होतो. गालावरचं ते रक्त पुसताना थरथरणारे हात. उजाडायच्या आधी येणं. हातात ना भांडं, ना सबब. वेंडेल माझ्या बंदुका घेऊन गेला, लवॉनने गोळ्या नेल्या. डेल्मरच्या घरच्या बंदुका कोण घेऊन गेलं होतं? कुणीच नाही. डेल्मर दणकट माणूस, त्याला काय झालंय! याहून वाईट असू शकलं असतं, असं तोही म्हणाला असणार लिलावाच्या दिवशी.

आमच्याकडे विचारत नाहीत. मी चौऱ्याहत्तर वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं. आर्डिसला शेवटच्या आठवड्यात भीती वाटतेय का, हेसुद्धा नाही. 

‘डेल्मर. तू जीव देणार होतास का?’

त्याची बुटाची नाडी हातातच राहिली.

‘हो,’ तो म्हणाला.

एवढा साधा आवाज. कॉफी हवी का विचारल्यावर म्हणावं, तसा.

‘कधी?’

‘गाई गेल्यापासूनच. तारीख अशी नाही. चारला जाग येते. उठून बसतो. करायला काही नसतं.’ तो नाडीकडे बघत बोलत होता. ‘लवॉन म्हणाली, ऑर्लनचं काही खरं नाही. मला वाटलं, आधी याचं बघू. हा मार्गी लागला, की मग. रोज सकाळी म्हणायचो, आज ऑर्लनला बघून येऊ. आज पहाटेही... आज पहाटे फार वाईट होतं. मग बर्फ बघितला आणि म्हटलं, त्याच्याकडे आज दुसरं कुणीच पोचणार नाही.’

शेगडीत लाकूड कोसळलं. मी महिनाभर ज्याला माझा राखणदार समजत होतो, त्याला त्या राखणीनेच उभं धरलं होतं. आणि मी नुकतंच त्याला सांगून बसलो होतो, की तुझी काही गरज नाही. शहाणपणा करून खरं बोललो! मला उठून त्याला मिठी मारायची होती. पण मिठी मारायची आम्हाला सवय नाही, त्यामुळे मी त्याचा बूट धरला आणि पायातून उपसून परत शेगडीपाशी ठेवला.

‘हे वाळेपर्यंत तू कुठेही जात नाहीस,’ मी म्हटलं. ‘वाळल्यावरही नाही. ऐक, आता मी ट्रॅक्टर काढतो. दोघं जाऊन तुझी गाडी ओढू. तिथून तुझ्या घरी जाऊ आणि तुझ्या सगळ्या बंदुका काढू. मग पाद्रीणबाईंना फोन करतो. त्यांना सूर्यफुलातलं कळत नाही, पण याचं कळत असेल. त्या तुला डॉक्टरकडे न्यायचं बघतील आणि मीही बरोबर येईन. चालेल?’

त्याने होकारार्थी मान हलवली. 

‘किती आहेत?’

‘चार.’

‘चारही लवॉनकडे. आणि हेही.’ मी ड्रॉवरमधून रिव्हॉल्वर काढलं, नळी झुकवून चक्र रिकामं असल्याचं त्याला दाखवलं आणि भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं.

डेल्मर त्या गाठोड्याकडे बघत बसला. त्याच्या भुवयांवरचा बर्फ वितळून नाकावरून गळत होता आणि तो पुसत नव्हता.

‘तेही देऊन टाकलंस,’ तो म्हणाला, ‘तर मग उद्या सकाळी मी आल्यावर आपण करायचं काय?’

 पत्ते दोघांनाही कंटाळवाणे वाटू लागले होते, कोठारात काम नव्हतं, आणि मला कॉफीसुद्धा नीट करता येत नाही.

‘काय करायचं ते उद्या बघू,’ मी म्हटलं. ‘पण तू ये.’